वहिनींची शुक्रवारची पंगत

नव्वदच्या दशकात बहरीनमधल्या आमच्या मंडळाची कमिटी ठरायची ती वहिनींच्या गुदैबियातल्या फ्लॅटवर, शुक्रवारच्या जेवणात. भांडलेल्या दोघांना त्या मुद्दाम शेजारी बसवायच्या. "आधी जेवा, मग भांडा. यल्ला, चला!"

एकदा अध्यक्षपदासाठी एका बौद्ध इंजिनिअरचं नाव निघालं. खजिनदार म्हणाले, "माणूस चांगलाय हो, पण त्याच्या घरी आपण जेवणार का?"

वहिनींनी त्यांना गरम पोळी वाढली. "पाच वर्षं आमच्याकडे जेवताय की. माझे आजोबा चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले, ते फुटलेलं डोकं घेऊन परतले."

हे मलाही ठाऊक नव्हतं. खजिनदार मान खाली घालून जेवत राहिले. मला त्यांचा संताप आला होता, पण घास हातात धरून थांबलो होतो तो मी.

वहिनींनी ते पाहिलं. "भाऊजी, तुम्हाला नको का?"