‘शिफ्ट पूर्ण’ असं मीच लिहिलं होतं

रेडिओला मी ओळखत होतो असं म्हणायचा मला धीर होत नाही. एकवीस वर्षं एकाच कारखान्यात होतो, तो क्रेनवर, मी हजेरीच्या खिडकीत. पण त्याला मुलं किती, हे मला दाव्याच्या कागदांतून कळलं. अखंड बडबडायचा म्हणून रेडिओ, एवढीच ओळख.

एका सकाळी त्याच्या क्रेनची साखळी तुटली आणि खाली उभा असलेला फिटर जागीच गेला. दोष साखळीचा होता. दुपारी साहेबांनी रेडिओला दुसऱ्या क्रेनवर पाठवलं. तो गेलाच नाही. कपडे बदलायच्या खोलीत कपाटाला पाठ लावून बसून राहिला. त्याच्या जागी दुसरा गडी चढला आणि मी रेडिओच्या नावापुढे ‘शिफ्ट पूर्ण’ लिहिलं. आमच्यात एकमेकांना असंच सांभाळून घेत.

पुढे शिडीला हात लावला की तो लटपटायचा. डॉक्टरांनी मनाला इजा झाल्याचं लिहून दिलं, त्याने भरपाईचा दावा लावला. कंपनीच्या वकिलाने माझंच रजिस्टर पुढे केलं. धक्का बसलेला माणूस त्याच दिवशी क्रेन चालवतो का? बाकी साऱ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

त्याची बायको माझ्याकडे आली. “भाऊजी, हे म्हणतात तुम्हाला यात गोवायचं नाही. मी गोवायलाच आलेय.”

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. खोटी नोंद कबूल केली की घरी बसायचं, हे मला ठाऊक होतं. तीन दिवसांनी, साक्षीला येतो म्हणून तिला निरोप धाडला.

सुनावणीत वकिलाने विचारलं, “म्हणजे खोटं लिहिलंत?”

“हो.”

“आणखी किती जणांचं?”

“मोजलं नाही, साहेब. एकदा माझंही.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिकारी म्हणाले, पुढे सांगा.

“त्या दुपारी मी त्याला पाणी नेलं. त्याला पेला धरता येईना. मी धरला.”

दावा मंजूर झाल्याचं नंतर कळलं. तोवर मी घरी बसलो होतो आणि ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं होतं. त्यामुळे माझं आणि रेडिओचं शेवटचं बोलणं सुनावणीच्या दिवशी, बाहेर पडताना दारातच झालं.

“भाऊ, तुमच्या शर्टाची बटणं चुकलीत,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“सकाळपासून.”

“मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही बोलत होता ना.”