हजार तेरावा खाना

फरशीच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्याच्या टोकाला मामांची खुर्ची होती. तीस वर्षं तिथे बसून ते फरशा तपासत, आणि डाग दिसला की असे हळहळत, जणू त्यांच्याच धुतल्या सदऱ्यावर पडलाय. भाचीला कारखान्यात चिकटवलं ते त्यांनीच. आणि भाचीने काय लिहायला घ्यावं? मामांऐवजी फरशा तपासणारा प्रोग्राम!

"सख्ख्या मामाच्या पोटावर पाय देतेस?" आईने विचारलं. भाचीला घास गिळवेना, पण काम सोडवेना. साहेबांनी मामांसमोरच सांगितलं होतं, "शनिवारी चारला चाचणी. प्रोग्राम पास झाला, की खुर्ची उचलायची."

शनिवारी सकाळी प्रोग्रामने झाडून सगळ्या फरशा नापास केल्या, आरशासारख्या लख्खसुद्धा. भाचीने कपाळाला हात लावला. फरशीचा फोटो बारीक चौकोनी खान्यांत, म्हणजे पिक्सेलांत, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत होता. त्यातला सर्वांत काळा खाना एका दमात शोधणारं फंक्शन दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडच्या तयार लायब्ररीतलं होतं. कार्ड आणि फंक्शन, दोन्ही एकेकटी गुणी, जोडी जमवली की घोळ.

मामा मागे उभे राहून पडद्यावरची, प्रोग्रामने काढलेल्या डागांची यादी वाचत होते. खरं तर चार वाजेपर्यंत त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. पण मामांच्या पोटात एवढीशी गोष्ट राहील तर शपथ.

"एका ओळीत खाने किती म्हणालीस?"

"हजार."

"मग हा डाग हजार तेराव्यात कसा? फरशीच्या बाहेर?"

भाची ताडकन उठली. कार्ड आपल्या सोयीसाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी चोवीस जादा खाने सोडतं, हे ती साफ विसरली होती. फंक्शनला ओळी कळतच नव्हत्या. ते नाकासमोर धावायचं आणि जादा खान्यांतला कचरा डाग म्हणून उचलून आणायचं. हजार खाने झाले की पुढच्या ओळीवर उडी मार, एवढं तिने त्याला शिकवलं. मग तिचा हात थांबला.

"मामा, हे चाललं तर तुझी खुर्ची..."

"ठाऊक आहे. पण चांगली फरशी फोडायला गेलेली मला बघवत नाही गं."

चारला प्रोग्राम पास झाला. साहेबांनी भाचीची पाठ थोपटली. "चूक मामाने पकडली," ती म्हणाली. साहेब काही बोलायच्या आत मामांनी स्वतःच खुर्ची उचलली आणि तिच्या टेबलाशेजारी आणून ठेवली.

"फरशा तो बघेल," चष्मा पुसत मामा म्हणाले, "त्याच्याकडे कोण बघणार?"

साहेब पडद्याकडे बघायला वळले. तोवर मामा बसलेही होते.