चाचाची टीम आणि आबांची गाऱ्हाणी

आमच्या वाडीचा फुटबॉल किती सुधारला हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं गोल मोजायच्या भानगडीत पडू नये. आबांची गाऱ्हाणी ऐकावीत.

आबा म्हणजे माझे चुलत आजोबा. वाडीत लग्न निघो, बोअर मारायची असो, कुणी नवी मोटारसायकल आणो, नारळ हातात धरून देवाला चार शब्द सांगायचं काम त्यांचं. आबा एक वाक्य बोलतात, जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात, मग पुढचं वाक्य. माणसांचा होकार पडला नाही तर ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचलंच नाही असं आम्ही धरतो. त्यामुळे होकार द्यायला लोक कधी चुकत नाहीत. एकदा फक्त चुकले. तेच सांगायचंय.

त्याआधी माझं सांगते. मी वाडीतली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगतेच, कारण पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या आमच्या वाडीतून रोज चालत रस्त्याला यायचं, एसटी धरायची, महाडला कॉलेज करायचं आणि परत चढायचं, हे करून जी डिग्री मिळते ती कपाटात ठेवायची नसते. आता महाडला एका ऑफिसात नोकरी करते. पण वाडीत माझी खरी नोकरी वेगळी. टीमची मॅच झाली की मोबाईलवर सगळा वृत्तांत लिहून तो मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकायचा. "तू शिकल्येस ना, मग लिव," असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

वाडी मूळची कबड्डीची. पण अंगानं भरलेले गडी मुंबईला गेले आणि मागं राहिली ती काटकी पोरं. त्यांची कबड्डी बघताना जीव खालवर व्हायचा. समोरचा गडी आमच्या पोराला नुसता ढकलायचा नाही, उचलून बाजूला ठेवायचा. ह्या पोरांना मॅचला न्यायचं काम एका टेम्पोवाल्याकडे होतं. हा दासगावचा, बरीच वर्षं आखातात काढून आलेला. तिथं सुट्टीच्या दिवशी केरळच्या लोकांबरोबर फुटबॉल खेळायचा म्हणे. सगळे त्याला चाचा म्हणतात. एकदा वरंधला असंच सपाटून हरून पोरं टेम्पोत येऊन बसली, तेव्हा चाचा मागचा फाळका लावता लावता बोलला, "ही पकडायची पोरं नायत रे. ही पळायची पोरं हायत. घाट चढून दम लागत नाय त्यांना. ह्यांना बॉल द्या."

झालं. मुंबईला गेलेल्या गड्यांच्या मंडळानं बॉल आणि जर्सी पाठवल्या. मैदानासाठी माझ्या वडिलांनी भात कापल्यावर आमचं खालचं शेत दिलं, म्हणजे त्यात दरवर्षी होणारे कडवे वाल गेले. आईला हे अजून पचलेलं नाही. ती बांधावर येऊन बसायची, दुसऱ्याच्या शेतातले वाल सोलत, आणि टीमचं मूल्यमापन करायची.

"काय गो, किती गोल झालं?"

"एक पण नाय."

"वाल तरी झाले असते."

आणि गोल होणार कुठून? चाचानं पहिले दोन महिने मैदानावर गोलपोस्टच लावू दिले नाहीत. पोरांनी नुसता एकमेकांना बॉल द्यायचा. हा देतो त्याला, तो देतो ह्याला. भाताची धसकटं टोचतायत, पोरं अनवाणी, आणि चाचा टेम्पोच्या फाळक्यावर बसून बडीशेप खातोय. ओरडणं नाही, शिव्या नाहीत. कबड्डी बघत वाढलेल्या वाडीला हे सहनच होईना. खेळ म्हणजे बाहेरच्यांनी आतल्यांपेक्षा जास्त घाम गाळायचा, ही आमची रीत.

आबांनी शेवटी विचारलं, "अरे चाचा, गोल मारायचा कुठं ते तरी दाखव पोरांना!"

"आबा, गोल काय पळून चाललाय काय? बॉल पायात राहू दे आधी."

पहिली मॅच महाडला. टेम्पो सुटायच्या आधी आबांनी नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, ही लेकरं आज खेळाया चालल्येत."

"होय म्हाराजा!"

"ती हाडं शाबूत ठेवून घरी येऊ देत रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

हाडं शाबूत आली. बाकी काही आलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या संघाने शेवटपर्यंत मैदान सोडले नाही.' खरंच होतं ते. वाट बघत उभे होते बिचारे, कधी संपतंय त्याची.

पण चाचाला आम्ही नावं ठेवत असताना आबांचं गाऱ्हाणं हळूहळू सरकत होतं. हाडांवरून ते 'आपल्यावर गोल हाताच्या बोटांत मावतील एवढेच होऊ देत' इथं आलं. मग 'एक तरी आपला होऊ दे'. तो झाला, त्या दिवशी आईनं वालाची टोपली बांधावरून खाली सांडली आणि कुणी उचलली पण नाही. पुढच्या मोसमात आबा बरोबरी मागायला लागले. देवाकडे एवढं मागायची हिंमत वाडीत आली ती चाचामुळे, पण हे तेव्हा कुणी कबूल करत नव्हतं. "पोरं मोठी झाली जरा," एवढंच म्हणायचे.

त्याच मोसमात आमचा तो ऐतिहासिक घोळ झाला. मॅच दासगावशी, म्हणजे खुद्द चाचाच्या गावाशी. एक-एक बरोबरी, खेळ संपत आलेला. त्यांचा एक उंच पोरगा बॉल घेऊन आमच्या गोलकडे सुटला. समोर आमचा एकटा बॅक, तो माझा भाऊ. आणि बाहेरून अख्खी वाडी एका सुरात ओरडली, "पकड! पकड रे पकड!" सगळ्यांत मोठा आवाज आबांचा. मी पदवीधर, पण मी पण ओरडले.

भावानं पकडला. झेप टाकून दोन्ही घोटे धरले, असे धरले की तो पोरगा ताडासारखा आडवा. वर भावानं मान वळवून आमच्याकडे बघितलं, पॉइंट मिळाला का म्हणून. पॉइंट नाही मिळाला, लाल कार्ड मिळालं, आणि दासगावला पेनल्टी. हरलो.

"पकड मात्र एक नंबर होती," परत येताना आबा म्हणाले.

आम्हाला वाटलं आता चाचा भावाला झोडणार. त्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी बांधावर आमच्यासमोर येऊन उभा राहिला. "पोरं माजी शिकतील. शिकतायत. तुमचं काय करू ते सांगा."

मग त्यानंच ठरवलं. सरावाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी यायचं, बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. जो ओरडेल त्यानं खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेलेला बॉल आणायचा. पहिल्याच संध्याकाळी आबा दोनदा उतरले. आई एकदा, तीही वालाच्या शेंगा पदरात घेऊन. वाटेत म्हणत होती, "पन्नाशीला आल्ये मी, आणि हा मला खेळवतोय." पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

असं करत तिसरा मोसम तोंडावर आला, आणि गणपतीत मुंबईकर आले. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका. त्यांनी आरतीनंतर जाहीर केलं, "लय झाला पेशन्स. शिमग्यापर्यंत टीम महाडच्या स्पर्धेत फायनलला गेली पाहिजे. नायतर आपण प्रोफेशनल कोच आणू. मी बोललोय एकाशी. त्याचे तीन प्लेअर पण येतील."

"मग आपली तीन पोरं कुठं जातील?" मी विचारलं.

"बाहेर बसतील. शिकतील बघून."

हा निरोप चाचाला मीच दिला. तो टायरमध्ये हवा बघत होता. म्हणाला, "बरं." मग थोड्या वेळानं, "तुज्या भावाचा डावा पाय अजून कच्चा हाय. तेवढा करून जाईन."

हे 'जाईन' मला रात्रभर खटकत राहिलं. ज्या माणसाला आम्ही दोन वर्षं 'घाई कर' म्हणत होतो, तोच आता जायचं म्हणत होता.

सेमीफायनल महाडला, बिरवाडीच्या टीमशी. कंपन्यांमध्ये काम करणारी, मजबूत बांध्याची माणसं ती. टेम्पोजवळ आबांनी नारळ धरला. आम्ही ऐकायला पुढे सरकलो, आज आबा काय मागतात? फायनलच मागतील.

"बा देवा म्हाराजा, आज पंचाला नीट दिसू दे रे म्हाराजा."

आम्ही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. पुढचं वाक्य नव्हतंच. आबा नारळ ठेवून टेम्पोत चढायला लागले, तेव्हा कुठं आमचा होकार पडला, तोही विस्कळीत. पोरांसाठी काहीच मागितलं नव्हतं त्यांनी. बाकीचं पोरं बघून घेतील, असा त्याचा अर्थ. मला त्या क्षणी कळलं की टीम सुधारलीय. गुणपत्रिकाच होती ती.

मॅचभर आम्ही गप्प. पलीकडे बिरवाडीचे ढोल वाजतायत, शिट्ट्या चालल्यायत, आणि आम्ही ओळीनं बसलोय. त्यांच्यातला एक ओरडला, "काय रे, मयतीला आलाव काय?" आईचं तोंड उघडलं, पण तिनं पदर दातात धरला.

मग तोच प्रसंग परत आला. त्यांचा सगळ्यांत दांडगा गडी बॉल घेऊन भावाच्या अंगावर. आबांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडात कोंबली. भाऊ पाय जुळवून उभा. वाट बघतोय. गड्यानं बॉल जरा पुढे टाकला आणि भावानं डाव्या पायानं, त्या कच्च्या डाव्या पायानं, अलगद काढून घेतला. कुणाला हात लागला नाही. आमच्या ओळीत कुणी हूं की चूं केलं नाही, पण मी बघितलं, अर्ध्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि तरी हरलो. शेवटी शेवटी कॉर्नरवरून त्यांच्या एकानं डोक्यानं मारला, एक गोल, संपलं. पंचाला नीट दिसलं होतं, तक्रारीला जागाच नव्हती. टेम्पोत चाचा म्हणाला, "आज हरलो कसं ते मला सांगता येतंय. आधी तर ते पण सांगता येत नव्हतं." हे बोलून त्यानं टेम्पो गिअरमध्ये टाकला.

शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवाच्या ओट्यावर, बसली आणि गावकीची सभा भरली. चाचा आला होता, स्पीकरचं सामान घेऊन. टेम्पोच्या फाळक्यावर लांब बसला होता. काका उभे राहिले. "फायनल नाय. म्हणजे ठरलं तसं."

बायका मागं बसतात, त्यातून मी उठले. "काका, टीम सुधारलीय."

"रिझल्ट बोल, रिझल्ट. तूच लिहिलंयस ग्रुपवर. हरलो, हरलो, हरलो."

"मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं," मी म्हटलं. "गोल लिहिले. आबांनी काय मागितलं ते लिहायला हवं होतं. पहिल्यांदा हाडं मागितली होती. ह्या वेळी पंचाचे डोळे मागितले. ह्याच्यापुढं मागायला काय उरलंय ते तुम्ही सांगा."

पुरुषांत थोडं हसू झालं. पण काका मुंबईत दोन-चार संस्था चालवतात, ते अशानं हलत नाहीत. ते आबांकडे वळले. "आबा, नव्या कोचच्या नावानं गाऱ्हाणं घाला. विषय संपवू."

आबा उठले. गावकीनं सांगितलं की नाही म्हणायचं नसतं. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आमची लेकरं आता नव्या माणसाकडं चालल्येत. ती हाडं शाबूत ठेवून घरी येऊ देत रे म्हाराजा."

पहिल्या मॅचचं गाऱ्हाणं! शब्दाला शब्द. परत हाडांपासून.

मग होकाराची वेळ आली आणि होकार पडला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. सगळी वाडी सहाणेभोवती बसलेली, तोंड मिटून, जशी बांधावर बसायची तशी. आईनं तर सवयीनं पदर दातात धरला होता. काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. स्वतः एकट्यानं "होय म्हाराजा" म्हणून बघितलं, पण ते इतकं एकटं वाटलं की त्यांचं त्यांनाच हसू फुटलं.

"लय शिकवलंय रे तुम्हाला त्यानं," ते म्हणाले आणि खाली बसले.

आबांनी नारळ काकांच्या हातात दिला. काकांनी तो टेम्पोपर्यंत चालत नेला आणि चाचाच्या हातात ठेवला. काय बोलले ते लांबून ऐकू आलं नाही. चाचा काय बोलला ते मात्र मला माहीत आहे, कारण काका परत येऊन सांगत होते. "बरं म्हणाला फक्त. एवढ्या मोठ्या माणसाला तुम्ही दुसरा शब्द शिकवला नाय काय?"

चार दिवसांनी चाचाच्या घरून डबा आला. त्याच नारळाच्या दुधातलं गोड, वाफवलेलं सांदण. आबांनी एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा टाकला, आणि बांधावर बसल्या बसल्या मला म्हणाले, "ग्रुपवर लिव. उद्यापासून सराव. आणि काकाला सांग, पुढच्या शिमग्याला आला की व्हाळात उतरायची तयारी ठेव. तो लय ओरडतो."