मी न जाळलेला कागद

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. विचारणारे होते. त्यांना मी दुसरंच काहीतरी सांगत आलो.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात एका प्राध्यापकाने छपाईच्या इतिहासावर भाषण केलं. छापखाने आले आणि युरोपात सिंहासनं डळमळली, आपल्याकडे इंग्रज सरकार साध्या पत्रकांना भ्यायलं, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याच्या हातातला माईक हिसकावून घ्यावासा वाटला. कारण हेच भाषण मी नव्वदच्या दशकात सुरतेत, लिंबायतच्या माझ्या छापखान्यात रोज ठोकत असे, आणि त्यापायी एका माणसाचं वाटोळं झालं.

छापखाना कसला, पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, चार पेट्या. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पावतीपुस्तकं. शेजारच्या कापडाच्या लूम कारखान्यातला एक खानदेशी कारागीर पाळी सुटली की माझ्याकडे येऊन बसायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मी खिळे जुळवता जुळवता त्याला राजे कसे पडले ते ऐकवायचो.

"राजा पडनात म्हनस, दादा," तो हसायचा, "मंग आमना शेठ कव्हय पडी?"

"तू लिही, मी छापतो. मग बघ."

हे मी म्हणालो. त्याने मागितलं नव्हतं.

त्याने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून आणलं. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नाही, शटल लागून हात फुटला तरी मशीन सोडायचं नाही. एक शब्द खोटा नव्हता. कायद्याने खाली छापखान्याचं नाव द्यावं लागतं. ते मी गाळलं. जाताना तो म्हणाला, "दादा, तो कागद चुल्हामां टाकी दे. मन्हं अक्षर शेठ वळखस." कारखान्यात रोज किती कापड निघालं त्याची वही तोच लिहायचा.

अशा कामाचा नियम मला माझ्या उस्तादांनी शिकवला होता. इंग्रजांच्या काळात त्यांनी चोरून पत्रकं छापली होती. छापून झालं की खिळ्यांची जुळणी लगेच मोडून ते पेटीत टाकायचे आणि हस्ताक्षराचा कागद जाळायचा. मी जुळणी मोडली. कागद ठेवला. का? तर उद्या क्रांती झाली की हा कागद काचेत लावतील आणि खाली माझं नाव येईल! गाढवपणाला शोभेल असंच कारण होतं.

पत्रकं वाटली गेली. दोन दिवस त्या कारखान्यातले लूम बंद राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेठचा माणूस एका हवालदाराला घेऊन आला.

"काका, नीचे प्रेस का नाम क्यों नहीं है? मशीन उठा के ले जाएंगे," हवालदार म्हणाला.

शेठचा माणूस खुर्चीत बसला. "कोणे लख्युं, काका? बोलो ने."

मला कुणी हात लावला नाही. कुणी झडती घेतली नाही. हवालदार तर माझाच चहा पीत होता. ड्रॉवर मी स्वतः उघडला. कागद मी स्वतः दिला, घडी उलगडून.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकात त्या कारागिराला मारलं. दोन दात गेले. लिंबायतमध्ये एकाही लूमवर त्याला पुन्हा उभं केलं नाही. आणि शेठच्या माणसाने मुद्दाम पसरवलं की घरच्याच माणसाने नाव दिलं. त्याच कारखान्यात कारागिराचा मेहुणा, बायकोचा भाऊ, होता. पत्रक कुणी लिहिलं ते माझ्याशिवाय त्यालाच ठाऊक. मेहुण्याने पोरांची शपथ घेतली. याने ऐकलं नाही. बायकोचं माहेर तुटलं. भावाला राखी बांधायला तिला जाऊ दिलं नाही, आणि हे मला तिनेच रडत सांगितलं. मी तिला पाणी दिलं.

तो सुरतेबाहेर इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली मजुरीला लागला. सांगायचंच असं ठरवून मी एकदा गेलो. फाटकासमोरच्या टपरीवर त्याने मला पाहिलं आणि धावत आला. सोबतच्या कामगारांना म्हणाला, "हाऊ मन्हा दादा. पोलीस छापखानामां उनात तरी यानी मन्हं नाव नही सांगं." पुढचे दात नव्हते, तरी तोंडभर हसला. त्यांच्यातला एक माझ्या पाया पडला. मी पडू दिलं. चहा प्यायलो, पोरांची चौकशी केली आणि परत आलो.

पुन्हा गेलो नाही. काही वर्षांनी तो वारला. मेहुणा तिरडीला आला, तर लोकांनी खांदा देऊ दिला नाही. मी दिला.

इच्छापोरला मी एवढंच बोलायला गेलो होतो: कागद माझ्याकडे होता. नाव मी दिलं. तुझा मेहुणा खरं बोलत होता, त्याला घरात घे. मला माफ कर.