निरगुडसरच्या मिरचीतले क्रायसोपा

मंचरला एसटीतून उतरले, तेव्हा कपड्यांपेक्षा जास्त जपलेला एक पुठ्ठ्याचा डबा माझ्या पिशवीत होता. त्यात क्रायसोपाची (जाळीदार पंखांच्या, सोनेरी डोळ्यांच्या हिरव्या कीटकाची) अंडी होती. हा कीटक स्वतः मध आणि परागांवर जगतो. अळ्या मात्र मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) फस्त करतात. निरगुडसरला माझ्या मामेबहिणीच्या, शोभाच्या मिरचीवर मावा पडला होता. औषध न मारता पीक वाचवायचं असा तिचा हट्ट.

"सोमवारपर्यंत थांबतो वहिनी, मंग औषधाचा पंप आणणारच," तिच्या दिरानं, जालिंदरभाऊंनी, माझ्यादेखत बजावलं. "किडं सोडून कुटं कीड जाती व्हय?"

मासवडी-भाकरीवर ताव मारून उठले, तर डबा गायब! पाहुणीनं आणलेला खाऊ म्हणून शोभाच्या सासूबाईंनी तो रीतीप्रमाणे आधी देवापुढं ठेवला होता, वर हळदकुंकू वाहून, समईला खेटून. उघडून बघते तो काय, उबेनं अंडी फुटलेली आणि भुकेल्या अळ्या एकमेकींनाच खात सुटलेल्या.

"पेढं वाटलं गं बया मला!" सासूबाई रडवेल्या झाल्या. हसावं की रडावं, मला कळेना. उरल्यासुरल्या अळ्या शोभानं आणि मी ब्रशनं पानापानावर सोडल्या.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आणे गावाला मैत्रिणीकडे गेले. पठारावर लांबच लांब उघडं माळरान आणि भणाणणारा वारा. एरवी मी तिथून हलले नसते, पण जीव सगळा मिरचीत अडकला होता.

सोमवारी सकाळी परतले, तर जालिंदरभाऊ पाठीवर पंप घेऊन बांधावर उभे. शोभा पानं उलटून बघत होती, पण अळी काही दिसेना. मीही सरीत वाकले आणि किंचाळलेच. मनगटावर काहीतरी कचकन चावलं होतं. पाहिलं तर भुरकट अळी, तोंडाला विळ्यासारखे दोन जबडे!

"शोभा, आहेत गं, आहेत!"

मग एकेक दिसू लागल्या. शेंड्यांवर मावा शोषून टाकलेली वाळकी टरफलं चिकटलेली. जालिंदरभाऊंनी पंप खाली उतरवला.

"पावणीला सोडंनात, त्या माव्याला काय सोडत्यात! ऱ्हाऊ द्या वहिनी, तुमचंच खरं."

शोभा तिथंच बांधावर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

पुण्याच्या गाडीत बसले तरी मनगट खाजत होतं. खरं सांगते, कुणी चावल्यावर इतकं हायसं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.