तीन पोकळ फरश्या

काका चाळीस वर्षं फरश्या बसवत आले. काम झालं की हातोडीचा दांडा प्रत्येक फरशीवर आपटून कान लावायचे. खाली सिमेंटचा माल नीट भरला नसेल तर फरशी पोकळ वाजते. तशी एक जरी सापडली तरी उखडायचे. "पोकळ फरशी म्हणजे कारागिराचं कापलेलं नाक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काकूची नजर गेल्यापासून ती एकटीने एकाच ठिकाणी जायची, थोरल्या बहिणीकडे. वाट इमारतीमागच्या बोळातून. तिथे फुटके पाइप, फेकलेल्या गाद्या आणि कुजका वास. बाकी कुणी फिरकत नसे. नगरपालिकेने तो बोळ भिंत घालून बंद करायचं ठरवलं. "महिनाभरात लोक वापरताना दिसले तर बघू," इंजिनिअर म्हणाला. मोठ्या रस्त्याने एकटीने जाणं काकूला शक्य नव्हतं.

काकांनी सगळ्या इमारतीला कामाला लावलं. गाद्या गेल्या, पाइप दुरुस्त झाले, भिंतीलगत हाताला लागेल इतक्या उंचीवर पुदिन्याच्या कुंड्या आल्या. काकांनी जाड दगडी फरशी अशी बसवली, की नजर लागावी.

पहिल्याच दिवशी काकू बोळाचं वळण चुकून थेट भिंतीवर आदळली.

"सगळीकडे सारखंच वाजतंय," कपाळ चोळत ती म्हणाली. "आधी वळणाशी एक हलणारा दगड होता. तो वाजला की मी वळायचे."

"मग आता काय, मुद्दाम पोकळ बसवू?"

"बसवा की."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, याची बायको वाट चुकत नाही."

काका दोन दिवस थापीला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती घेऊन उठले. कडांना आधार द्यायचा आणि मधे रिकामं ठेवायचं, एवढंच काम. पण जित्याची खोड ती, हात आपोआप माल भरायचा. काकू उपड्या घमेल्यावर बसून काठीने तपासत होती.

"ही भरीवच आहे. काढा."

"काढतो, बाईसाहेब."

संध्याकाळपर्यंत तीन जमल्या.

महिनाअखेर इंजिनिअर आला. वळणाशी थबकून त्याने बूट आपटला. "काका, या तीन पोकळ आहेत हो." काकांचे कान लाल झाले.

तेवढ्यात पलीकडून काकू आली. एका हातात काठी आणि पिशवी, दुसरा पुदिन्यावरून फिरत होता. काठीखाली फरशी पोकळ वाजली आणि ती पाऊल जराही न अडखळता वळली. तिच्यामागून आलेल्या दोन शाळकरी मुलींनी त्याच फरश्यांवर आळीपाळीने उड्या मारल्या, मग पुदिन्याची पानं खुडून त्या पुढे पळाल्या.

इंजिनिअर बाजूला झाला. भिंत घालायच्या हुकुमाचा कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला.

"बोळ राहू दे," तो म्हणाला. "पण त्या फरश्यांचं तेवढं बघा."

"बघायचं काय त्यात?" काका म्हणाले. "तिन्हींवर अख्खा दिवस घालवलाय मी."