अण्णांच्या दुकानातले पाहुणे

देवाच्या तसबिरीवर काजळी चढते तसेच किस्सेही जमत जातात. कधी जमले ते कळतच नाही. माझे सगळे राजाजीनगरातल्या एका दुकानातले. नव्वदच्या दशकात तिथे अण्णा जुनी तंजावरी चित्रं दुरुस्त करत. वहीएवढी, सोन्याचा वर्ख लावलेली, घरच्या पूजेतली. नवरा गेला आणि मला काम हवं होतं. तीन महिने बघतो, असं म्हणून अण्णांनी ठेवून घेतलं. कुणाच्या देवाला इजा झाली, तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, ही अट. त्या दुकानाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

*

आलेला देव पाहुणा, हा अण्णांचा नियम. पावतीवर नाव, पत्ता आणि तिसरा रकाना नैवेद्याचा. घरी जे मिळतं तेच अण्णांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, इथे दाखवायचं. एकदा सात देव एकदम आले. अक्कांनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा मी हॉटेलच टाकते."

*

व्हाइटफील्डहून एक इंजिनियर आजीचा बालाजी घेऊन आला. नैवेद्य काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. अण्णांनी त्याला आईला विचारायला एसटीडी बूथवर पिटाळलं. परत आला तो ओशाळून. "आई म्हणते, आधी तू जेवलास का ते सांग."

त्या दिवशी अक्कांनी देवाच्या आधी त्याला वाढलं.

*

एका गृहस्थांच्या राम-सीता-लक्ष्मणाची काजळी काढली, तर खाली कोपऱ्यात मारुती! गृहस्थ कासावीस झाले. चाळीस वर्षं बिचाऱ्याला नमस्कारच केला नव्हता. त्यांनी तिथेच साष्टांग नमस्कार घालायला सुरुवात केली. दहाव्याला अण्णा म्हणाले, "स्वल्प घरी पण ठेवा, सर."

*

माझा तिसरा महिना चालू होता. के. आर. पुरमच्या काशीबाईंचा बाळकृष्ण आला होता, बिनकाचेचा. त्याच्या ओठांवर पिवळट, चिकट थर होता. काजळीशिवाय काही काढायचं तर विचारायचं, हे मला बजावलेलं होतं. मी न विचारता कापसाने तो थर हळूहळू उतरवला. खाली लालचुटुक ओठ निघाले, आणि मी खूश!

अण्णांनी पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला. काशीबाई लग्न होऊन आल्यापासून रोज त्या ओठांना लोणी लावत होत्या. साठ वर्षांचं लोणी मी एका दुपारीत पुसलं होतं.

त्या न्यायला आल्या तेव्हा अण्णांच्या आधी मीच सांगून टाकलं. काम तर गेलंच, असं धरून चालले होते.

काशीबाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "साठ वर्षं नुसती भरवत बसले. पोराचं तोंड पुसायचं सुचलंच नाही मला."

मग पिशवीतून डबी काढून त्यांनी त्याच्या ओठांना बोटभर लोणी लावलं, आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं.